एकोणीस माणसांवर एकसष्ट दिवस

प्रार्थनाघर वाचलं तर पाळक हेर्नाल्दो रिफोंच्या पदरात काय पडणार होतं ते आधीच मांडते, म्हणजे पुढे कोणी त्यांना संत ठरवायला नको. त्यांची नेमणूक टिकणार होती. प्रार्थनाघरामागच्या दोन खोल्या राहणार होत्या, जिथे त्यांच्या बायकोने, नोएमीने, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मातीत लसूण लावला होता. तेमुकोला मेव्हण्याच्या टायरच्या दुकानात परत जावं लागणार नव्हतं. हा मेव्हणा म्हणजे, पाळकांच्याच शब्दांत, 'देवाने मला नम्रता शिकवायला दिलेला माणूस'. आणि जे ते कधी बोलले नाहीत पण तोंडावर दिसायचं, ते हे की ज्याच्या हातून मंडळी बंद पडली तो पाळक, असं त्यांच्या नावाला चिकटणार नव्हतं.

वाचवायचं होतं समुद्रापासून. आमच्या केतालुयला समुद्र दर हिवाळ्यात थोडी थोडी जमीन खातो. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याने मंडळीचा संडास नेला, मागच्या हिवाळ्यात कुंपण. आता कडा आणि प्रार्थनाघराची मागची भिंत यांच्यात सहा पावलं उरली होती. मुख्य कार्यालयाचं पत्र आलं: मे संपायच्या आत इमारत आत हलवा, नाहीतर ती उतरवली जाईल आणि मंडळीतल्या सर्वांनी बोटीने कास्त्रोच्या मंडळीत उपासनेला जावं. सर्व म्हणजे एकोणीस; बाकी आम्ही सगळं गाव कॅथलिक. त्या एकोणिसांत दोन तान्ही आणि खाटेला खिळलेले एक आजोबा.

घर हलवणं ही चिलीतल्या आमच्या चिलोएच्या बेटांवर नवलाची गोष्ट नाही. घर लाकडी, खाली दोन लांब ओंडके, पुढे बैल आणि दोरावर गाव; असं सगळ्यांनी मिळून एकाचं काम करणं म्हणजे इर्जीक. जागाही तयार होती: वर शाळा आणि आमचं जुनं कॅथलिक चॅपेल यांच्यामधला पडीक तुकडा, मंडळीतल्या म्हाताऱ्या ओर्फेलिना गिनेओने दिलेला. नव्हते ते फक्त बैल आणि गाव.

गावाचं पाळकांनी मनावर घेतलं होतं, नाही असं नाही. दोन वर्षांपूर्वी मुख्य भूमीवरून आले तेव्हापासून त्यांचा एकच धोशा: "आधी आपण गावापर्यंत पोहोचू, मग गाव आपल्यापर्यंत येईल." दर शनिवारी मंडळी दारात मोठं पातेलं मांडायची आणि येईल त्याला शेवाळ-मटणाचं सूप फुकट. वर्षातून दोनदा कपडे वाटायचे. नोएमी मुलांचे केस कापायची, आणि चांगले कापायची.

लोक येत. मी शेजारसंघाची चिटणीस. गावात कोण कुठे जातं ते न बघणं मला जमत नाही. तर सूप प्यायला येत, 'देव बरं करो' म्हणत आणि जात. रविवारी एक जण दिसेल तर शपथ. पण सोमवारी सकाळी प्रार्थनाघराच्या पायरीवर काय काय असे! अर्धं पोतं बटाटे. टोपलीभर अंडी. ज्या पोराचे केस कापले त्याच्या आईने पाठवलेला जिवंत कोंबडा, पाय बांधलेला. पाळक मला म्हणाले, "बघा ना, किती प्रेमळ माणसं!"

कोंबडा चांगला होता.

पत्र आल्यावर पाळकांनी जाहिरात छापली. रंगीत. वर प्रार्थनाघराचं चित्र, खाली 'तुमचे हात, देवाचं काम! शनिवार बारा एप्रिल, सकाळी आठ. सर्वांचं मनापासून स्वागत!' शाळेच्या दारावर, धक्क्यावर, दुकानात, चॅपेलच्या फळीवरसुद्धा लावली. त्या शनिवारी मंडळीतले धडधाकट सोळा जण दोर घेऊन उभे राहिले. भगिनींनी मध्यरात्रीपासून पन्नास माणसांचा स्वयंपाक केला होता. आठ वाजले, नऊ वाजले. दहाला माझा भाचा आला आणि 'टपालाची बोट आली का' विचारून गेला. बाराला पावसाची भुरभुर सुरू झाली आणि पाळकांनी दोर स्वतःच गुंडाळला.

मी छत्री घेऊन गेले होते. बघायलाच, खोटं कशाला बोलू. पाळक पायरीवर बसले होते आणि शेजारी ओर्फेलिना सालं काढलेल्या बटाट्यांकडे बघत होती. सत्तरीची बाई, तोंडाने तिखट.

"शंभर शनिवार," पाळक म्हणाले. "शंभर शनिवार सूप दिलं, ओर्फेलिनाताई. एक माणूस नाही?"

"कशाला येतील? त्यांनी फेडलं की सगळं."

"काय फेडलं?"

"सूप. अंडी आली, बटाटे आले, कोंबडा आला. तुम्हाला वाटलं प्रेम. ती पावती होती, पाळकसाहेब. तुमचं त्यांच्यावर काही उरलं नाही."

"पण मी परत मागितलंच नव्हतं!"

"तेच तर!" ओर्फेलिनाने सुरी खाली ठेवली. "तुम्ही कधी काही मागितलंच नाही. देतच सुटलात. ज्याला कोणाचं काही लागत नाही, त्याच्या दारात कोण कशाला थांबेल? 'हे काय आपल्याला भिकारी समजतात' असं वाटून लगेच फेडून मोकळे होतात."

पाळक जाहिरातीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही काय मग? मागितलंच ना मी?"

आता मला राहवेना. "पाळकसाहेब, 'सर्वांचं स्वागत' म्हणजे कोणाचंच नाही. इथे इर्जीक चिठ्ठीने भरत नाही. दारात जायचं, टोपी काढायची आणि त्या माणसाला नाव घेऊन विनवायचं. मला तुमची बैलजोडी पाहिजे, तुमचा खांदा पाहिजे, अमुक दिवशी. विनवणी म्हणतात त्याला. तुमच्या घरी लग्नाचं आमंत्रण धक्क्यावर चिकटवतात का?"

"असं कोणी मला आधी का नाही सांगितलं?"

ओर्फेलिनाने सुरी पदराला पुसली. मग म्हणाली, "कारण सांगायचं तर आमचंही काढावं लागलं असतं. आम्हीच बावीस वर्षं कोणाच्या इर्जिकीला गेलो नाही. मंडळीत आलो आणि सोडलं. तिथे चिचा पितात म्हणून."

चिचा म्हणजे सफरचंदाची आंबवलेली दारू. इर्जीक घालणाऱ्याने ती मडकी भरून ठेवायची असते. चिचेशिवाय इर्जीक म्हणजे खेचणाऱ्यांचा अपमान, हे आमच्याकडे बारशाच्या पोरालाही कळतं. आणि मंडळीच्या माणसाला ती शिवणंही वर्ज्य. बावीस वर्षं दोन्ही बाजू एवढ्यावरच अडून होत्या आणि पाळक मधे सूप ढवळत बसले होते.

"पहिला कोण?" पाळकांनी विचारलं. "पहिल्यांदा कोणाच्या दारात जायचं?"

"क्लोदोमिरो," मी म्हणाले. "तीन जोड्या आहेत त्याच्या. तो आला तर बाकीचे येतील. तो नाही आला तर तुम्ही कास्त्रोच्या बोटीचं वेळापत्रक पाठ करा."

क्लोदोमिरो गिनेओ म्हणजे चॅपेलचा कारभारी. पाद्री आमच्याकडे वर्षातून दोनदा येतो, बाकी दिवस जन्म-मरण, प्रार्थना, घंटा सगळं क्लोदोमिरो. शिवाय ओर्फेलिनाचा सख्खा थोरला भाऊ. दोघांची घरं हाकेच्या अंतरावर, आणि हाक बावीस वर्षांत कोणी मारलेली नाही.

ओर्फेलिना उठली. "चला. वही घ्या तुम्ही," असं मला म्हणाली. माझ्याकडे शेजारसंघाची वही असते: इर्जिकीला कोण आलं, कोणाचा दिवस कोणाकडे लागतो, म्हणजे कोणी कोणाला कामाचा दिवस द्यायचा राहिलाय. साक्षीला म्हणून मला नेलं, पण नसतं नेलं तरी मी गेले असते.

आम्ही पोहोचलो तेव्हा क्लोदोमिरोच्या अंगणात सफरचंदं कुटणं चाललं होतं. दोन पुतणे लांब काठ्यांनी लाकडी होडगीत सफरचंदं झोडत होते आणि म्हातारा दाबयंत्राचा दांडा फिरवत होता. रस बादलीत पडत होता. इतकी योग्य वेळ पाळकांनी मुद्दाम शोधली असती तरी सापडली नसती.

"कोण, पाळक?" क्लोदोमिरोने दांडा सोडला नाही. "या, या. आमच्यासाठी प्रार्थना करून दमलात वाटतं." मग त्याला बहीण दिसली. त्याने दांडा आणखी अर्धा फेरा फिरवला, उगाच, आणि थांबला. पेला भरून पाळकांपुढे धरला. "घ्या. आजचा रस आहे. पाप व्हायला अजून पंधरा दिवस लागतात त्याला."

पुतणे खिदळले. पाळकांनी पेला घेतला, सगळा प्यायले आणि तोंड पुसून टोपी काढली. इथवर ठीक होतं. मग त्यांनी सुरुवात केली: "क्लोदोमिरोबाबा, आपण सारे एकाच पित्याची लेकरं आहोत, आणि या गावात जो बंधुभाव..." ओर्फेलिनाने त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की मलाच दुखलं.

"सरळ मागा," ती पुटपुटली.

पाळकांनी टोपी हातात गोल फिरवली. मग म्हणाले, "मला तुमच्या तीन बैलजोड्या पाहिजेत. आणि तुम्ही. आमचं प्रार्थनाघर समुद्रात चाललंय आणि आमच्या एकट्याने होत नाही."

"हां," क्लोदोमिरो म्हणाला. "दोन वर्षांत हे पहिलं वाक्य बोललात ज्याला उत्तर देता येतं." तो ओंडक्यावर बसला. "आणि ही का आली?"

"मीही विनवायलाच आले," ओर्फेलिना म्हणाली.

"तू? तू विनवणार? अगं, माझं घर ओढलं तेव्हा वीस जोड्यांचा दोर मी धरला होता, आणि मी पुढे बघत नव्हतो. तुझ्या खिडकीकडे बघत होतो. पडदा ओढून बसलीस."

"बसले."

"हललासुद्धा नाही तो पडदा."

"हलला कसा नाही? मागून बघत होते मी. स्वयंपाकघराचा कोपरा खडकाला लागला तेव्हा ओरडलेसुद्धा." ती एक पाऊल पुढे आली. "तुझा एक दिवस लागतो माझ्याकडे, क्लोदो. चिटणीसबाईंच्या वहीत नसेल, पण लागतो. कधी देऊ सांग."

म्हाताऱ्याने रसाची बादली पायाने सरकवली. मग पुतण्यांवर खेकसला, "हात थांबले का तुमचे? तमाशा आहे का इथे?" काठ्या पुन्हा सुरू झाल्या. त्या आवाजाआड तो बहिणीला म्हणाला, "सोमवारी बटाटे काढायचे आहेत. सातला ये. तुझी कुदळ आण, माझी तुला जड होईल."

एवढ्यावर मिटलं असं मला वाटलं. पण क्लोदोमिरो व्यवहाराचा पक्का. पाळकांकडे वळून म्हणाला, "बहिणीचं झालं. आता तुमचं बोला. चिचा किती मडकी ठेवणार?"

पाळकांचा चेहरा मी जवळून बघत होते. समोर तीन जोड्या, मागे अख्खं गाव, आणि मधे एक शब्द. खोटं बोलले असते तर निभावलं असतं. बाहेर कुणीतरी मडकी आणून ठेवलीच असती, आणि पाळकांनी पाठ फिरवली असती तरी कोणी काही म्हटलं नसतं. तशी सोय आमच्याकडे खूप जण करतात.

"एकही नाही," ते म्हणाले. "जेवण देऊ. खड्ड्यात तापल्या दगडांवर कुरांतो शिजवू, डुक्कर कापू, शिंपले आणू, पोट फुटेस्तोवर वाढू. पण चिचा मी नाही ठेवू शकत. जे मी व्यासपीठावरून सांगतो ते दोर ओढायला माणसं पाहिजेत म्हणून मोडलं, तर तुम्हीच माझ्यावर विश्वास ठेवणार नाही."

"मग गाव काय म्हणेल माहीत आहे? पाळकाने कोरडं वागवलं."

"म्हणू दे. कमी पडलो म्हणून मान्य करतो. जे कमी पडेल ते मी दुसऱ्या कशाने भरून देईन. तुम्ही सांगा कशाने."

क्लोदोमिरोने पुतण्याकडे पाहिलं, माझ्या वहीकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत ती चमक आली जी मला बाजारात गाय विकताना दिसते.

"दिवसाने," तो म्हणाला. "चिचा नाही, तर जो दोराला हात लावेल त्याचा एक दिवस मंडळीवर. तो म्हणेल तेव्हा, तो म्हणेल ते काम. बटाटे, छप्पर, होडी ओढणं, काय असेल ते. आणि तिथे तो चिचा प्यायला तर तुम्ही तोंड वाकडं करायचं नाही."

"बैलांचे दिवस वेगळे धरायचे?" मी विचारलं.

"बैलांचे कशाला? बैलांना चिचा लागत नाही."

पाळकांनी मनात आकडेमोड केली असावी. सोळा धडधाकट माणसं. त्यांनी ओर्फेलिनाकडे पाहिलं. ती आभाळाकडे बघत होती. "कबूल," ते म्हणाले.

पुढचे आठ दिवस पाळक घरोघर टोपी काढत फिरले. जाहिरातीतल्या 'सर्व' ऐवजी नाव घेऊन: एदुलिया, तुमचा मोठा मुलगा. रोसामेल, तुमचा जाड दोर. काही जणांनी चिचेवरून टोमणे मारले, एकाने दार लावून घेतलं. पण क्लोदोमिरो येणार हे कळल्यावर टोमणे मारून का होईना, होकार आले.

सव्वीस एप्रिलला सकाळी अकरा जोड्या आल्या. प्रार्थनाघराच्या काचा, बाकं आणि पेटी आदल्या दिवशी काढून शाळेत ठेवल्या होत्या. जमीन उकरून ओंडके सारले, दोर बांधले. क्लोदोमिरोने हाळी दिली आणि बैल जुंपले गेले. घर कण्हलं, मग हललं. कड्यापासूनची ती सहा पावलं सात झाली, दहा झाली, आणि सगळे ओरडले, मंडळीचे जास्त.

अर्ध्या चढावर ते रुतलं. खाली दलदल होती. बैल गुडघ्यांपर्यंत गेले, डावा ओंडका चिखलात शिरला आणि सगळं घर एका कुशीवर झुकलं, प्यायलेल्या माणसासारखं. हे मी मोठ्याने म्हणाले नाही. तीनदा जोर लावला, तीनदा तसूभर हललं नाही. माणसं घामाने भिजलेली, आणि अशा वेळी जे मडकं फिरतं ते नव्हतं. नोएमी आणि भगिनी गरम माते-चहा आणि रस घेऊन फिरत होत्या. रोसामेलने हातातल्या रसाच्या पेल्याकडे असं बघितलं, जशी वासराला देतात ती दुधाची बाटलीच त्याला दिली आहे. एक जण म्हणाला, "मी चाललो." दुसरा त्याच्याकडे बघू लागला. एक गेला की दहा जातात, आणि घर चढावर सोडून दिलं तर रात्रीच्या पावसात ते खाली घसरून सरळ समुद्रात.

पाळक घाबरले. घाबरल्यावर त्यांना एकच येतं. त्यांनी गाणं सुरू केलं. मंडळीच्या सोळांनी उचललं. संथ, लांब, डोळे मिटून.

"ए! ए!" क्लोदोमिरो ओरडला. "हे काय लावलंय? माझे बैल झोपले ना! जलद म्हणा, ओढायचंय, पुरायचं नाही!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग ओर्फेलिना, जी दोरावर सगळ्यात शेवटी होती, त्याच गाण्याला दुप्पट चालीने भिडली, दर ओळीच्या शेवटी पाय आपटून. मंडळीचे बिचकले, मग लागले. तिसऱ्या ओळीला गावाला चाल कळली. शब्द येत नव्हते, पण पाय आपटायला शब्द लागत नाहीत. ओळ, पाय, झटका. ओळ, पाय, झटका. जो 'मी चाललो' म्हणाला होता त्याचा आवाज सगळ्यांत मोठा. डावा ओंडका चिखलातून असा सुटला की पुढचे चार जण तोंडावर पडले आणि प्रार्थनाघर त्यांच्या अंगावर येण्याआधी जेमतेम उठले.

दुपारी तीनला ते शाळा आणि चॅपेल यांच्यामधे उभं होतं. जरा तिरकं. अजून आहे. खड्डा उघडला, पानं बाजूला केली, वाफ उठली, आणि एकोणीस माणसांनी एकसष्ट जणांना वाढलं. जेवण झाल्यावर मी वहीत नावं घेतली. एकसष्ट नावं, एकसष्ट दिवस. पाळकांनी खाली सही केली, आणि पानावर चिखलाचा अंगठाही उमटला.

मग सुरू झाली वसुली. पहिल्या महिन्यात पाळकांनी नऊ ठिकाणी बटाटे काढले. जूनच्या वादळात एदुलियाच्या छपरावरच्या फळ्या उडाल्या, तिने तिचा आणि मुलाचा असे दोन दिवस एकदम मागितले. रोसामेलने होडी डांबरायला बोलवलं आणि दिवसभर पाळकांसमोर चिचा प्यायला, एकेक घोट दाखवून दाखवून. संध्याकाळी बायको आजारी असल्याचं त्यांनाच सांगितलं, आणि नोएमी तिच्याकडे आठवडाभर जात राहिली. तो आठवडा मी वहीत धरला नव्हता. रोसामेलने स्वतःच येऊन वहीच्या उलट्या बाजूला, मंडळीला द्यायचा म्हणून, लिहायला लावला. शनिवारचं सूप बंद पडलं, वेळच नव्हता. अंडी यायचीही बंद झाली. लोक आता यायचे ते काहीतरी मागायला, आणि बसून जायचे. मंडळीचे दोघं जण कंबर धरून माझ्याकडे कुरकुरत आले की आम्ही उपासना करायची का मजुरी. मी म्हटलं, पाळकांना विचारा. पाळक तेव्हा कुणाच्या तरी गोठ्यात होते.

वर्षाअखेर मुख्य कार्यालयाने अहवाल मागितला: सभासद किती वाढले. पाळकांनी प्रामाणिकपणे लिहिलं, चार. त्यातली दोन बाळं. नेमणूक टिकली.

बाकी हिशोब असा. चढावर त्या दिवशी न प्यायलेल्या चिचेची किंमत एकसष्ट जणांनी भरली, आणि ती मंडळीच्या सोळा पाठींनी परत केली. फेडले अठ्ठावन्न. उरले तीन. त्यातल्या दोन दिवसांचे मालक साल्मन माशांच्या कामाला दक्षिणेत गेले आहेत, सुट्टीला आले की मागतील. तिसरा क्लोदोमिरोचा. पाळक दर महिन्याला जाऊन विचारतात, तो दर महिन्याला म्हणतो, "असू दे अंगावर. घाई काय आहे?"

आणि उलट्या बाजूला, गावावर मंडळीचे लागणारे दिवस, आज सकाळपर्यंत: चौदा.